सही करायच्या आधी

आई-बाबा मला हॉस्टेलवर सोडून निघून गेले आणि मी खोलीची किल्ली हातात धरून नुसतीच उभी राहिले. किल्लीबरोबर एक कागद मिळाला होता, खोलीतल्या सामानाची यादी. पलंग १, गादी १, टेबल १, खुर्ची १, कपाट १. खाली सही. मी न वाचताच पेन काढलं, तेवढ्यात शेजारच्या खोलीतली ताई डोकावली. "अगं थांब! आधी बघून घे. नाहीतर जाताना मोडलेलं सगळं तुझ्याच नावावर."

मग दोघींनी खोली पालथी घातली. कपाटाची वरची बिजागरी निखळलेली. टेबलाच्या खणाला मूठच नाही, आत नख घालून ओढायचा. गादी उलटली तर हाताएवढा शाईचा डाग. (म्हणजे ती आधीच कुणीतरी पालथी घातली होती!) सगळ्याचे फोटो काढले, यादीत लिहिलं, मगच सही केली. अनामत रकमेतून कापाकापी होते ती याच कागदावरून, हे मला ठाऊकच नव्हतं.

सामान लावायला वेळ लागला नाही. निम्मं उगाचच आणलं होतं. कुलूप आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र विसरले, आणि प्लगची एकुलती एक जागा नेमकी पलंगामागे.

रात्री आईचा फोन. "जमतंय ना?" मी पलंगामागे ओणवी, चार्जरची वायर जेमतेम कानापर्यंत पोचलेली. म्हटलं, "हो गं, मस्त आहे."