खंबायतशिवाय मलाक्का

रात्रीची भांडी झाली, ओटा पुसला, की मी मलाक्क्याचा, म्हणजे आजच्या मलेशियातल्या एका जुन्या बंदराचा, सुलतान होतो. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' हा गेम ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. जगाच्या नकाशावरचं कुठलंही राज्य उचलायचं आणि पुढची पावणेचारशे वर्षं ते हाकायचं. माझ्या ओळखीतले बहुतेक जण विजयनगर घेतात, नाहीतर बहमनी. मला दख्खनच्या त्या कायमच्या मारामाऱ्यांचा कंटाळा येतो. मलाक्क्याला निदान समुद्र तरी आहे.

आणि समुद्राखेरीज फारसं काही नाहीच. सुमात्रातल्या पालेम्बांगचा परमेश्वर नावाचा राजपुत्र आजच्या सिंगापुरातून हुसकला गेला आणि १४०० च्या आसपास मलाक्का नदीच्या मुखाशी येऊन थांबला. दंतकथा अशी की तो एका झाडाखाली टेकला असताना त्याच्या शिकारी कुत्र्याला एका पिसुरी हरणाने लाथ घालून नदीत पाडलं. एवढंसं जनावर इथे एवढं माजतं, तर जागा चांगली दिसते, असं म्हणून त्याने तिथेच गाव वसवलं. झाड आवळ्याचं होतं. तांदूळ मात्र त्या गावाला कधीच पुरला नाही. तो जावा, सयाम (आजचं थायलंड) आणि ब्रह्मदेशातल्या पेगूहून यायचा.

मग हे गाव श्रीमंत झालं कशावर? वाऱ्यावर. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर गुजरातेतून कापड यायचं, ईशान्येच्या वाऱ्यावर चीनची जहाजं यायची, बांदाचं जायफळ आणि तेर्नातेची लवंग पूर्वेकडून यायची. वारा फिरेपर्यंत सगळ्यांना एकाच ठिकाणी थांबावं लागे, आणि ते ठिकाण सुरक्षित असावं एवढीच त्यांची अपेक्षा होती. सुलतानाने ती पुरवली. बंदरावर चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते. त्यांतला एक फक्त गुजरात्यांसाठी, कारण तेच सगळ्यांत जास्त. तामिळ, बंगाली, पेगूवाले दुसऱ्याकडे, जावा आणि मसाल्याच्या बेटांवरचे तिसऱ्याकडे, चीन-चंपावाले चौथ्याकडे. ज्याची तक्रार त्याने आपल्या शाहबंदराकडे जावं. पश्चिमेच्या मालावर सहा टक्के जकात आणि समुद्रावरच्या भांडणांसाठी वेगळे लिखित कायदे. पोर्तुगीज औषधविक्या तोमे पिरेश तिथे पोचला, तेव्हा त्याने ८४ भाषा मोजल्या. मला हा आकडा जरा फुगवलेला वाटतो, पण फुगवायला तरी काहीतरी असावं लागतं.

आता गेममध्ये हे कसं दिसतं? व्यापाराचा नकाशा उघडला की मलाक्क्यावर एक गोल चिन्ह आणि त्यातून निघणारे बाण. कर्सर नेला की महिन्याला किती सोनं येतं, कुणाचा किती टक्के वाटा, सगळं उलगडतं. वाटा वाढवायचा तर हलकी जहाजं गस्तीला पाठवा, नाहीतर आजूबाजूचे प्रांत घ्या. बाणांची दिशा बनवणाऱ्यांनी एकदाच ठरवून ठेवलेली. पैसा शेवटी युरोपात जाऊन साठतो, आणि शेवटच्या तीन ठिकाणांपैकी एक आहे व्हेनिस. पिरेश लिहून गेला होता की मलाक्का ज्याच्या हातात त्याचा हात व्हेनिसच्या गळ्यावर. गेम बनवणाऱ्या स्वीडिश मंडळींनी तेवढं वाक्य फार मनावर घेतलेलं दिसतं. वाऱ्याची वाट मात्र माझी गस्तीची जहाजं बघत नाहीत. बाराही महिने फिरतात.

माझा खरा डोळा १५११ वर असतो. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० च्या नोव्हेंबरात गोवा जिंकलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात १७-१८ जहाजं आणि सुमारे १,२०० माणसं घेऊन तो मलाक्क्यावर गेला. नदीवर एक पूल होता, त्याच्या एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला व्यापारी पेठ. पूल पडला की शहराचे दोन तुकडे. पहिल्या हल्ल्यात जमलं नाही, म्हणून त्याने एक उंच चिनी धाटणीचं जहाज भरतीबरोबर पुलाला भिडवलं. सुलतान महमूद शाह हत्तीवरून लढला. ऑगस्टच्या अखेरीला शहर गेलं. मशिदीचे आणि शाही कबरींचे दगड काढून पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. त्याचा एक दरवाजा आजही उभा आहे. गेममध्ये या सगळ्याच्या जागी वेढ्याचे टक्के चढत जातात आणि मी जागेवर बसून चहा पितो.

पण पुढे झालं ते मला लढाईपेक्षा जास्त भारी वाटतं. शहर पोर्तुगीजांना मिळालं, गिऱ्हाईक मिळालं नाही. हायवेवरच्या हॉटेलचा मालक बदलला की एसटीचा ड्रायव्हर गाडी पुढच्या हॉटेलाला लावतो, तसे बरेचसे मुसलमान व्यापारी आचे, बांतेन, ब्रुनेई या आसपासच्या बंदरांकडे वळले. सुलतानाच्या मुलांनी जोहोर आणि पेराकच्या गाद्या उभ्या केल्या. गेममधला तो गोल मात्र जागचा हलत नाही. मलाक्का कुणीही जिंको, गुजराती तिथेच येणार, सोनं तिथूनच वाहणार. व्यापाऱ्याला रुसायची सोयच नाही.

त्यामुळे मी जिंकतो तेव्हा फार विचित्र जिंकतो. सयामच्या आयुथया राज्याला मागे रेटलं, सुमात्रा गिळली, जावात उतरलो, 'मलाया' घोषित केलं. पोर्तुगीज आले तेव्हा माझं आरमार त्यांच्या दुप्पट होतं. नकाशाचा मोठा तुकडा माझ्या रंगाचा झाला. आणि जे वाचवायला बसलो होतो, ते चार शाहबंदरांचं, दुसऱ्याच्या तांदळावर जगणारं गाव, ते यात कुठेच नव्हतं. मी आशियात आणखी एक पोर्तुगाल तयार केला होता, जरा मोठ्या मापाचा.

म्हणून आता नियम केलाय: मलाक्क्याच्या सामुद्रधुनीचा किनारा सोडून जमीन घ्यायची नाही. चीनच्या मिंग बादशहाला नजराणे पाठवायचे, जसे खुद्द परमेश्वर १४११ मध्ये चीनच्या दरबारी जाऊन आला होता. गेमला हे आवडत नाही. तिजोरी रडते, आयुथयाच्या फौजा सरहद्दीवर येऊन बसतात.

म्हापशाचा एक मित्र ऑनलाइन माझ्याबरोबर खेळतो आणि हट्टाने पोर्तुगाल घेतो. वर ऐकवतो, की सेंट झेवियरचं शव १५५३ मध्ये मलाक्क्यातच पुरलं होतं आणि मग जुन्या गोव्यात आणलं, तेव्हा हक्क आमचाच. या वेळी मी त्याला म्हटलं, तू गुजरात घे. मलाक्का गुजरातेतल्या खंबायत बंदराशिवाय जगू शकत नाही आणि खंबायत मलाक्क्याशिवाय, हेही पिरेशनेच लिहिलंय. तू कापड पाठव, मी जकात कमी ठेवतो. विचार करून सांगतो म्हणालाय. तोवर गेम १४७८ वर पॉज करून ठेवलाय.