टर्बिनिया ते स्केलमोर्ली : जहाजाची वाफ जिथे मोजली गेली

न्यूकॅसलच्या सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की ब्लँडफर्ड स्क्वेअरमधलं डिस्कव्हरी म्युझियम लागतं. प्रवेशाला तिकीट नाही. दाराशीच 'टर्बिनिया' उभी आहे. शंभर फुटांहून थोडी लांब, जेमतेम नऊ फूट रुंद, वजन साडेचव्वेचाळीस टन. 1897 च्या जूनमध्ये स्पिटहेडला राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त आरमाराचं संचलन झालं. तेव्हा ही नौका युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट गेली आणि वाफेचं टर्बाइन, म्हणजे वाफेच्या झोताने पाती फिरवणारं इंजिन, जगाला माहीत झालं. ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. मला त्या दिवसाच्या आधीची तीन वर्षं जास्त मोलाची वाटतात, कारण त्या काळात ही नौका आणि तिचं टर्बाइन बनवणारे चार्ल्स पार्सन्स यांना आधी मोजमापाची साधनं बनवावी लागली आणि मगच नौका सुधारता आली.

म्युझियममध्ये गेलात तर आधी नौकेच्या मागच्या बाजूला जा. तिथे पाण्यातला पंखा फिरवणारे दांडे, म्हणजे शाफ्ट, बाहेर येतात. 1894 मध्ये पाण्यात उतरली तेव्हा टर्बिनियाला एकच टर्बाइन आणि एकच शाफ्ट होता. वेग वीस नॉटच्या, म्हणजे तासाला वीस सागरी मैलांच्या, पलीकडे जाईना. अशा वेळी दोष तीन ठिकाणी असू शकतो: बॉयलर पुरेशी वाफ देत नाही, टर्बाइन वाफेतून पुरेशी शक्ती काढत नाही, किंवा नौकेला ढकलणारा पंखा मिळालेली शक्ती पाण्यात वाया घालवतो. नुसता वेग मोजून यातलं काहीच कळत नाही. पार्सन्स यांनी टर्बाइन आणि पंख्याच्या शाफ्टमध्ये स्प्रिंगचा डायनॅमोमीटर बसवला. शाफ्टवर खरोखर किती पीळ पडतो ते मोजलं आणि टर्बाइन निर्दोष ठरलं. दोष पंख्याचा होता. तो इतक्या वेगाने फिरत होता की पात्यांच्या पाठीमागे पाणी फाटून पोकळ्या होत होत्या.

ही पोकळी डोळ्यांनी बघता यावी म्हणून त्यांनी 1895 मध्ये एक छोटी बंदिस्त पेटी बनवली. आत दोन इंची पंखा, काचेची खिडकी, आणि पंखा थांबल्यासारखा दिसावा म्हणून फिरत्या आरशातून टाकलेला आर्क दिव्याचा झोत. पाण्यावरची हवा पंपाने काढून टाकल्यामुळे मिनिटाला 1,200 फेऱ्यांनाच बुडबुडे दिसायला लागले. हवेचा दाब तसाच ठेवला असता तर तेवढ्यासाठी 12,000 फेऱ्या लागल्या असत्या. पंख्यांची चाचणी आजही अशीच दाब उतरवून होते.

1896 मध्ये तो एकुलता शाफ्ट काढला आणि तीन शाफ्ट आले. उच्च, मध्यम आणि कमी दाबाचं एकेक टर्बाइन, वाफ एकातून दुसऱ्यात, आणि प्रत्येक शाफ्टवर तीन, असे एकूण नऊ पंखे. वेग चौतीस नॉटच्या वर गेला. बॉयलर मात्र कायम होता: तीन ड्रमचा, पाण्याच्या नळ्यांचा, चौरस इंचाला 210 पौंड दाबाचा. भट्टीला हवा देणारा पंखा मधल्या शाफ्टच्याच पुढच्या टोकावर बसवलेला होता. टर्बाइन जोरात फिरलं की भट्टीही आपोआप जोर धरते. जागा वाचते, एक इंजिन कमी होतं, पण चाचणी घेणाऱ्याची अडचण होते, कारण बॉयलर आणि टर्बाइन वेगवेगळे तपासता येत नाहीत.

एप्रिल 1897 मध्ये केंब्रिजचे प्राध्यापक ईविंग यांनी या नौकेची स्वतंत्र चाचणी घेतली. त्यांचा आकडा तासाला दर हॉर्सपॉवरमागे सुमारे साडेचौदा पौंड वाफ असा सांगितला जातो. त्यातला भाजक, म्हणजे हॉर्सपॉवर, नीट समजून घ्यावा. दट्ट्याच्या (पिस्टनच्या) इंजिनात सिलिंडरला इंडिकेटर जोडला की दाब आणि स्ट्रोक यांचा आलेख कागदावर उतरतो आणि त्याच्या क्षेत्रफळावरून हॉर्सपॉवर निघते. टर्बाइनला सिलिंडरच नाही, म्हणून असा आलेखही नाही. त्यामुळे त्या वेळची हॉर्सपॉवर ही हिशोबाने काढलेली 'समतुल्य' हॉर्सपॉवर होती. नौकेचं छोटं मॉडेल पाण्यात ओढून विरोध मोजायचा, तो पूर्ण आकाराला वाढवायचा आणि पंख्याची कार्यक्षमता गृहीत धरून मागे जायचं. अंश मोजलेला, भाजक अनुमानाचा. आकडा वाचताना हा फरक विसरू नये.

अंश म्हणजे बॉयलरमध्ये गेलेलं पाणी. ऐकायला हे सोपं, पण चाचण्या बहुतेक इथेच बिघडतात. आधी बॉयलरमधलं पाणी बाहेर सोडणारे ब्लोडाउनचे सगळे कॉक बंद करून त्यांना ब्लँक प्लेट लावायची, नुसती चाकी आवळून भागत नाही. वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधून येणारं पाणी दोन मापलेल्या टाक्यांत आळीपाळीने भरायचं आणि उपसायचं. मीटर लावलाच तर तो चाचणीच्या आधी आणि नंतर, त्याच तापमानाच्या पाण्यावर, टाकीशी ताडून बघायचा. गेज ग्लासमधली, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेतली, पातळी सुरुवातीला आणि शेवटी एकच हवी. समजा, एका गोल, दंडगोल बॉयलरमध्ये पाण्याचा पृष्ठभाग बारा चौरस मीटर आहे. पातळी वाचताना एक इंच चूक झाली तर साधारण तीनशे किलो पाण्याचा फरक पडतो. तासाला पाच टन वाफ देणाऱ्या बॉयलरवर एक तासाची चाचणी घेतली तर सहा टक्के चूक, आठ तासांची घेतली तर पाऊण टक्का. लांब चाचण्यांचा आग्रह धरतात तो यासाठी. जहाज एका बाजूला कललं असेल तर एकाच काचेवर विसंबू नये, दोन्ही काचा वाचाव्यात.

कोळशाचंही तसंच. तो वजन करून, मोजलेल्या पिशव्यांतूनच भट्टीपाशी न्यायचा. धूळ बसावी म्हणून स्टोकर त्यावर पाणी मारतात. ते वजनानंतर मारलं तर चालतं, आधी मारलं तर हिशोबात पाणी घुसतं. जाळीवरच्या विस्तवाची जाडी सुरुवातीला आणि शेवटी सारखी ठेवणं हे अनुभवी माणसाचं काम. शेवटच्या अर्ध्या तासात विस्तव पातळ होऊ दिला की बॉयलर कागदावर फार काटकसरी दिसतो.

बॉयलरच्या बाबतीत ब्रिटिश आरमाराने याहून मोठी परीक्षा घेतली. नळ्यांच्या बेलव्हिल बॉयलरवरून इतका वाद पेटला की 1900 मध्ये ॲडमिरल डोमव्हिल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 1901 मध्ये जवळपास एकाच आकाराच्या दोन क्रूझर समोरासमोर आणल्या: 'मिनर्व्हा'वर जुने दंडगोल बॉयलर, 'हायसिंथ'वर बेलव्हिल. जिब्राल्टरपर्यंत नेऊन तिथून इंग्लंडला पूर्ण जोरात परत. हायसिंथचा मुख्य दोष निघाला तो गळतीचा, गोडं पाणी सतत कमी होत गेलं. समुद्रात हे जीवघेणं ठरतं, कारण भरपाईला समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा इव्हॅपोरेटर चालवावा लागतो आणि तोही वाफच खातो. पुढे समितीने बॅबकॉक अँड विल्कॉक्स आणि यारो यांच्या बॉयलरच्या बाजूने कौल दिला. 1906 च्या 'ड्रेडनॉट'वर बॅबकॉकचे अठरा बॉयलर होते.

न्यूकॅसल सोडण्याआधी नदीच्या कडेने पूर्वेला वॉकरच्या बाजूला एक फेरी मारावी. आपल्या पहिल्या 'विक्रांत'ची कील 1943 मध्ये इथल्याच व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या यार्डात 'हर्क्युलिस' या नावाने घातली गेली. चार बॉयलर, पार्सन्सची टर्बाइनं, चाळीस हजार हॉर्सपॉवर. तिच्यात टर्बाइन आणि पंखा यांच्या मध्ये गिअर होते. टर्बाइनला जोरात फिरायचं असतं, पंख्याला सावकाश. 1894 ला टर्बिनियाची गाडी जिथे अडली होती त्यावरचं खरं उत्तर हे गिअर.

नदीच्या वरच्या अंगाला एल्सविकचं यार्ड होतं. 'ॲमेथिस्ट' ही टर्बाइनवाली क्रूझर तिथली. तिच्या वर्गातल्या 'टोपाझ'सारख्या बहिणींना दट्ट्याची इंजिनं होती. 1904 च्या चाचण्यांत पूर्ण जोरात टोपाझ 22.1 नॉट, ॲमेथिस्ट 23.63. त्याहून महत्त्वाचा आहे पाण्याच्या खपाचा आलेख. साधारण चौदा नॉटच्या खाली दट्ट्याचं इंजिन कमी पाणी खातं, वर गेलं की टर्बाइन पुढे, आणि वीस नॉटला बचत पाव हिश्श्याच्याही वर. युद्धनौकेचं बहुतेक आयुष्य मंद वेगात जातं, म्हणून गस्तीच्या वेगासाठी वेगळं छोटं टर्बाइन लावायची पद्धत काही काळ चालली.

तुलना करताना कंडेन्सरमधला व्हॅक्यूम (निर्वात) आधी तपासावा. कमी दाबाची वाफ आकाराने प्रचंड फुगते. ती पचवायला दट्ट्याच्या इंजिनाचा शेवटचा सिलिंडर पुरत नाही, टर्बाइनला पुरतं. म्हणून व्हॅक्यूममधला शेवटचा एक इंच टर्बाइनला फार फळतो. पण व्हॅक्यूम गेज फक्त बाहेरच्या हवेशी फरक दाखवतं. गेज 27 इंच दाखवत असताना बॅरोमीटर 30 असेल तर आत तीन इंच दाब उरतो, 29 असेल तर दोनच. बॅरोमीटर न टिपलेली चाचणी सरळ बाजूला ठेवावी. व्हॅक्यूम हळूहळू उतरत असेल तर आधी शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे तो बाहेर येतो तिथल्या बुचातून, हवा शिरते का ते बघायचं. कंडेन्सरची नळी फुटली असेल तर पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की पांढरा साका येतो. खारं पाणी बॉयलरमध्ये गेलं की फेस होतो, वाफेबरोबर पाणी उचललं जातं आणि टर्बाइनच्या पात्यांवर ते घणासारखं आदळतं.

न्यूकॅसलहून एडिनबरामार्गे ग्लासगो, तिथून लोकल पकडून डम्बार्टन ईस्ट. जवळच डेनी टँक आहे, जहाजांची मॉडेलं पाण्यात ओढून तपासण्यासाठी डेनी या जहाजबांधणी कंपनीने बांधलेला हौद. 1883 चा, शंभर मीटर लांब, खाजगी जहाजबांधणीतला जगातला पहिला. इथे मॉडेल मेणाचं असतं. चिकणमातीच्या साच्यात पॅराफिन मेण ओतायचं, यंत्राने आराखड्याप्रमाणे खाचा पाडायच्या आणि उरलेले उंचवटे हाताने खरवडायचे. लाकडाऐवजी मेण का, तर ते पाणी पीत नाही, चटकन बदलता येतं आणि काम झालं की वितळवून पुन्हा वापरता येतं. वरून रुळावर गाडी धावते, मॉडेल ओढते आणि विरोध नोंदवते. दोन धावांमध्ये पाणी पूर्ण शांत होऊ द्यावं लागतं. घाई केली की आकडे उड्या मारायला लागतात.

टर्बाइनची शक्ती थेट मोजायची सोय याच गावात आकाराला आली. डेनींच्या कारखान्यातला टॉर्शनमीटर शाफ्टचाच पीळ मोजतो. दहा इंची भरीव पोलादी शाफ्ट मिनिटाला 500 फेऱ्यांनी पाच हजार हॉर्सपॉवर नेत असेल तर सहा मीटर लांबीत तो एक अंशही पिळला जात नाही. म्हणून सगळी भिस्त शून्यावर. शाफ्ट जहाजात बसवण्याआधी वर्कशॉपमध्ये तरफेवर वजनं टांगून त्याचा पीळ तपासायचा. जहाजात शून्य ठरवताना शाफ्ट सावकाश पुढे आणि मग मागे फिरवून दोन्हींची सरासरी घ्यायची, नाहीतर बेअरिंगचं घर्षण शून्यात मिसळतं.

शेवटचा टप्पा स्केलमोर्ली. ग्लासगो सेंट्रलहून वेम्स बे, आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेकडे. जहाजांचा वेग तपासण्यासाठी 1866 मध्ये मोजून आखलेला सागरी मैल इथे आहे, 6,080 फुटांचा. दोन्ही टोकांना खुणेच्या खांबांची एकेक जोडी. पुढचा आणि मागचा खांब एका रेषेत आले की घड्याळ दाबायचं. तीस नॉटला हा मैल 120 सेकंदांत संपतो, म्हणजे एका सेकंदाची चूक पाव नॉट खाते. म्हणून तीन जणांनी स्वतंत्रपणे वेळ घ्यायची आणि एकमेकांना सांगायची नाही.

भरतीचा प्रवाह काढून टाकायला उलटसुलट धावा. समजा, वेळा आल्या 168, 176, 167 आणि 177 सेकंद. 3,600 ला भागून वेग 21.43, 20.45, 21.56, 20.34. आता वेळांच्या सरासरीवरून वेग काढला तर 20.93 येतो आणि तो चुकीचा. पहिल्या आणि शेवटच्या धावेला एक पट, मधल्या दोघींना तीन पट वजन देऊन आठाने भागायचं: 20.98. धावांमधलं अंतर सारखं असेल तर बदलत्या भरतीचाही परिणाम यातून निघून जातो. वळण घेताना जहाजाचा वेग मरतो, तेव्हा खांबापर्यंत दोन-तीन मैल सरळ धाव हवीच. त्या मैलभरात सुकाणू शक्य तितकं कमी हलवावं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. वेगवेगळ्या जोरात असं केलं की फेऱ्या आणि वेग यांचा आलेख तयार होतो. डेनींनी ही पद्धत 1870 च्या दशकात रुजवली. पुढे खुल्या समुद्रातल्या कित्येक तासांच्या चाचणीत फेऱ्या मोजल्या की वेग कळतो.

स्केलमोर्लीचं पाणी खोल आहे. 'कोसॅक' या विनाशिकेची चाचणी टेम्सच्या मुखाजवळच्या उथळ मॅप्लिन मैलावरही झाली आणि इथेही. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत. उथळ पाण्यात मधल्या वेगांना लाट उंच उठते आणि जास्त शक्ती लागते, तर अगदी वरच्या वेगाला विनाशिकेसारखी हलकी नौका त्या लाटेच्या पुढे निघते आणि तिथे उथळ पाणीच तिला फायद्याचं ठरतं. कुठल्याही जुन्या जहाजाचा चाचणीतला वेग वाचताना त्याच्याशेजारी पाण्याची खोली, त्या दिवशीचं वजन आणि तळ किती दिवसांपूर्वी घासला होता हे लिहिलेलं आहे का, ते आधी शोधा.