आठ कॅप्सूल झाल्या की थांबायचं होतं

महिनाभरापूर्वी एका मैत्रिणीचा मेसेज आला, अगं माझं व्हिटॅमिन डी ११ आलंय, डॉक्टरांनी ६०,००० युनिटची कॅप्सूल दिलीये आठवड्यातून एक, एवढा मोठा आकडा बघूनच पोटात गोळा आला, घेऊ की नको? मी लगेच फोन केला आणि म्हटलं घे, घाबरू नकोस, पण आधी सांग किती आठवडे घ्यायच्यात? तर तिला ते माहीतच नव्हतं. म्हटलं चिठ्ठी काढ. चिठ्ठी काढली, त्यावर स्पष्ट लिहिलेलं, आठ आठवडे. तिचं सगळं लक्ष त्या ६०,००० कडे होतं, त्याच्या शेजारचा ८ तिने बघितलाच नव्हता.

आमच्या ताईनेही बघितला नव्हता. म्हणजे बघितला होता, पण सोडून दिला.

ताईचं रक्तातलं डी ९ आलं होतं (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, इथले डी चे सगळे रिपोर्ट त्यातलेच). अंग सतत दुखायचं, जिना चढताना मांड्या भरून यायच्या, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा. तिला तेव्हा डोसची खरंच गरज होती, हे मला पहिल्यांदा सांगायचंय, कारण असल्या गोष्टी वाचल्या की लोक उलट्या टोकाला जातात आणि सगळंच बंद करून टाकतात. डी फारच कमी असेल तर हाडं मऊ पडतात, स्नायू कमजोर होतात, लहान मुलांना मुडदूस होतो. हे खरे आजार आहेत आणि मोठा डोस त्यासाठीच असतो, रिकामी टाकी आधी भरून घ्यायची आणि मग रोजच्या छोट्या डोसवर यायचं. ताईने आठ आठवडे घेतलं, टेस्ट केली, ३८ आलं. अंगदुखी कमी झाली, चेहरा टवटवीत दिसायला लागला, आम्ही सगळे खूष.

तिथे थांबायचं होतं.

पण तिला इतकं बरं वाटत होतं की तिला वाटलं हे बंद केलं तर पुन्हा तसंच होईल. मग कुठेतरी व्हिडिओ बघितले की ३८ काहीच नाही, १०० पाहिजे, रोज १०,००० घ्या, सोबत कॅल्शियम घ्या. तिने रोजची १०,००० ची गोळी सुरू केली आणि आठवड्याची ६०,००० चीही चालूच ठेवली, कारण एक डॉक्टरांनी दिलेली आणि एक स्वतःची, अशा तिच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. वर कॅल्शियमच्या गोळ्या दिवसाला दोन. आणि व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल, असं ती मला स्वतः म्हणाली होती आणि मीही हो म्हटलं होतं. ते हो मला अजून टोचतं.

बी आणि सी ही व्हिटॅमिनं पाण्यात विरघळतात, ती जास्त झाली तर बरीचशी बाहेर जातात. डी चरबीत विरघळतं. ते शरीरात साठतं आणि साठतच जातं. खरं तर व्हिटॅमिन म्हणण्यापेक्षा ते हार्मोनसारखं काम करतं, कातडीत उन्हाने डी३ तयार होतं किंवा आपण तोंडाने घेतो, मग लिव्हरमध्ये त्याचं एक रूप बनतं (टेस्टमध्ये २५-हायड्रॉक्सी म्हणून जे मोजतात ते हेच) आणि मग किडनीत त्याचं खरं काम करणारं रूप तयार होतं, जे आतड्यांना सांगतं की अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढून घ्या. मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते उन्हाचं. उन्हात कितीही वेळ बसलं तरी डी चं विष होत नाही, कातडी भाजेल, बाकीचं नुकसान होईल, पण डी जास्त व्हायला लागलं की तेच ऊन कातडीतल्या जादाच्या डी चे निरुपयोगी पदार्थ करून टाकतं. म्हणजे कातडीच्या वाटेवर निसर्गाने ब्रेक ठेवलाय. गोळीच्या वाटेवर तसा ब्रेक नाही, जेवढं गिळाल त्यातलं बहुतेक आत जाणार.

साधारण वर्षभराने ताईला तहान लागायला लागली. म्हणजे अशी की पलंगाशेजारी पाण्याची मोठी बाटली भरून ठेवायची आणि रात्रीतून ती दोनदा भरायची, आणि अर्थातच चार-पाच वेळा उठायचं. पहिली शंका शुगरची, ती नॉर्मल आली. मग बद्धकोष्ठ, मग मळमळ, जेवणावरची वासनाच उडाली, महिन्यात चार किलो वजन उतरलं. आणि मला खरी भीती वाटली ती फोनवर, तिने एकच प्रश्न दहा मिनिटांत मला तीनदा विचारला. ताई असं करणारी बाई नाही, घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ असतात.

दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे ॲसिडिटीची औषधं मिळाली. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरबाई होत्या, त्या म्हणाल्या, घरात ज्या ज्या गोळ्या घेताय ना तुम्ही, अगदी ताकदीच्या सुद्धा, त्या सगळ्या एका पिशवीत घालून आणा. आम्ही पिशवी नेली. त्यांनी एकेक डबी टेबलावर उभी केली, पेनाने प्रत्येक डबीवर डी च्या आकड्याभोवती गोल केला आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बेरीज मांडली. आठवड्याची एक, ६०,०००. रोजची १०,००० म्हणजे आठवड्याला ७०,०००. कॅल्शियमच्या प्रत्येक गोळीत पण ५०० युनिट डी होतं, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, ते आणखी ७,०००. बेरीज १,३७,०००, भागिले ७, दिवसाला साडेएकोणीस हजारांच्या वर. मग त्यांनी खाली लिहिलं ४,००० आणि म्हणाल्या, मोठ्या माणसाने देखरेखीशिवाय रोज घ्यायची ही वरची मर्यादा आहे, आणि रोजची गरज सत्तरीपर्यंत ६०० आणि त्यानंतर ८०० युनिटची. ताई त्या कागदाकडे बघत राहिली. मी पण.

रिपोर्ट आले, डी १६८. कॅल्शियम १३.१, जे साधारण साडेआठ ते साडेदहा असायला हवं. क्रिएटिनिन १.८, म्हणजे किडनीला त्रास सुरू झालेला. रक्तात कॅल्शियम वाढलं की किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती सारखी लघवी आणि ती तहान, आणि शरीरातलं पाणी कमी झालं की कॅल्शियम आणखी वाढतं, असं ते चक्र. ॲडमिट करावं लागलं, पाच दिवस सलाईन, सोबत स्टिरॉइड, डी आणि कॅल्शियम पूर्ण बंद. डॉक्टरबाईंनी एक गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही, उंदीर मारायच्या काही औषधांमध्ये हेच डी३ असतं आणि उंदीर मरतो तो रक्तातलं कॅल्शियम वाढूनच. गोळी तीच, प्रश्न फक्त मात्रेचा.

कॅल्शियम तीन आठवड्यांत खाली आलं पण डी काही उतरेना. चरबीत साठलेलं हळूहळू बाहेर येत राहतं ना. तीन महिन्यांनी ९६, सहा महिन्यांनी ५१. तोपर्यंत दर काही दिवसांनी रक्त द्यायला जायचं. किडनी जवळपास पूर्ण सावरली, हे आमचं नशीब, सगळ्यांची सावरतेच असं नाही.

त्यानंतर मी जमेल तेवढं वाचलं. मला वाटायचं जास्त डी म्हणजे जास्त मजबूत हाडं, साधा हिशोब. पण तो हिशोब मोठमोठ्या अभ्यासांत चुकलाय. २०१० साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायका, निम्म्यांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस, निम्म्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी. डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. २०१६ मध्ये झुरिकच्या अभ्यासात महिन्याला ६०,००० घेणारे म्हातारे लोक २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले. २०१९ मध्ये कॅनडात कॅल्गरीला तीन वर्षं रोज ४००, ४,००० आणि १०,००० अशी तुलना केली तर १०,००० वाल्यांच्या मनगटाच्या हाडाची घनता ४०० वाल्यांपेक्षा कमी निघाली. ताई हाडांसाठीच घेत होती हो ते १०,०००.

आणि अमेरिकेत २५,८७१ लोकांवर व्हायटल नावाचा अभ्यास झाला, रोज २,००० युनिट, काही वर्षं. कॅन्सर होण्याचं किंवा हार्ट ॲटॅकचं प्रमाण कमी झालं नाही, २०२२ मध्ये फ्रॅक्चरचे आकडे आले, तेही कमी नाहीत. यात एक लक्षात घ्या, या लोकांना डी ची कमतरता आहे म्हणून निवडलेलं नव्हतं, बहुतेकांचं पुरेसं होतं. ज्याचं ९ आहे त्याने हे वाचून गोळी बंद करू नये. ज्याचं पुरेसं आहे त्याने आणखी ओतून काही मिळत नाही, एवढंच यातून निघतं.

किती म्हणजे पुरेसं यावर डॉक्टरांमध्येही वाद आहेत. बऱ्याच जणांच्या मते २० च्या वर असलं की चालतं, अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) २०११ मध्ये ३० म्हटलं होतं आणि २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच तो ३० चा आग्रह सोडला, आणि धडधाकट माणसाची उगाच टेस्ट करू नका असंही म्हटलं. त्यामुळे रिपोर्टवर २६ शेजारी लाल बाण दिसला म्हणून रात्रीची झोप घालवू नका. १०० पाहिजे म्हणणाऱ्यांचं मात्र मी आता ऐकून घेत नाही, चक्क उठून जाते.

आणखी एक गोंधळ युनिटचा. काही डब्यांवर आययू (म्हणजेच हे युनिट) असतं, काहींवर मायक्रोग्रॅम. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे डबीवर नुसतं २५ दिसलं तरी ते १,००० युनिट असू शकतं. मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम, हाडांची पावडर, सगळीकडे थोडं थोडं डी असतं, बेरीज आपणच करायची. आठवड्याची गोळी चुकून रोज घेणारेही असतात, घरात कोणी वयस्कर असेल तर त्यांच्या डबीवर वार लिहूनच द्या. आणि ज्यांना किडनी स्टोन झालाय, सारकॉइडोसिस (फुफ्फुसांत वगैरे बारीक गाठी होण्याचा आजार) किंवा टीबी आहे, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा त्रास आहे, किंवा बीपीसाठी थायझाइड गटाची, लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी तर डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय डी ला हातच लावू नये, त्यांचं कॅल्शियम कमी डोसवरही वर जाऊ शकतं.

ताई आता रोज ८०० घेते, डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर सुरू केलं, आणि दुसऱ्या कुठल्याही डबीत डी नाही हे तिने स्वतः भिंग घेऊन तपासलंय. त्या बेरजेचा कागद तिने औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मैत्रिणीने काल चौथी कॅप्सूल घेतली, फोटो पाठवला, पाकिटावर मार्करने ४/८ लिहिलंय. आठवी कधी येते ती तारीख मी माझ्याही फोनमध्ये टाकून ठेवलीये, त्या दिवशी तिला फोन करणार आहे.