तुम्ही विचारलंत म्हणून: ती चकती दिसते का?

मंडळाच्या गणपतीत, भिशीत, एकदा तर भर बारशात हाच प्रश्न: "अहो, त्या आइस हॉकीत तुम्हाला ती चकती दिसते तरी का?"

नाही दिसत. झालं समाधान? चेंडूऐवजी वापरतात ती तीन इंचांची काळी चकती. मी तिच्याकडे बघतच नाही, खेळाडूंचे खांदे कुठे वळतात ते बघतो. हे उत्तर देऊन देऊन माझाच त्यावरचा विश्वास उडत चाललाय.

१९९६ मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीनं नव्या प्रेक्षकासाठी चकतीत इलेक्ट्रॉनिक्स बसवून टीव्हीवर तिच्याभोवती निळं वलय दाखवलं. जोरात मारली की मागे लाल शेपूट! जुन्या प्रेक्षकांनी टर उडवली, दोन वर्षांत सगळं गुंडाळलं. पुढे त्या क्लिप बघून मीही खूप हसलो. ज्याला चकती सापडत नाही त्यानं क्रिकेट बघावं, असं तेव्हा मी ऐटीत म्हणायचो.

मग १३ मे २०१३. टोरंटो विरुद्ध बोस्टन, मालिकेतला निर्णायक सातवा सामना. बाबा साताऱ्याहून आले होते. तिसऱ्या, शेवटच्या पिरियडमध्ये आम्ही, म्हणजे टोरंटो, ४-१ पुढे, मी त्यांना ऑफसाइडचा नियम समजावतोय, तेही मान डोलावतायत. बोस्टननं एक गोल फेडला. शेवटच्या दीड मिनिटात आणखी एक. बोस्टननं गोली, म्हणजे गोलरक्षक, बाहेर काढून एक खेळाडू वाढवला होता. बाबांनी विचारलं, "गोली कुठं गेला?" मी गप्प. ५१ सेकंद उरले असताना बोस्टनच्या बर्जरॉननं लांबून फटका मारला, नि बाबा पडद्याकडे वाकून म्हणाले, "अरे, पण चकती कुठंय?"

"बाबा, जरा गप्प बसता का!"

४-४. ओव्हरटाइममध्ये हरलो. बाबा चहाचा कप विसळून झोपायला गेले. पुढच्या मोसमापासून ते खोलीत आले की मीच चॅनल बदलायचो.

रिप्ले मी खूप उशिरा नीट पाहिला. आमच्या गोलीसमोर बोस्टनचा सहा फूट नऊ इंचांचा खेळाडू झ्डेनो चारा उभा. चकती त्या गोलीलाही दिसली नव्हती!

शेजारच्या लुधियानाच्या आजी कॅनडातल्या हरनारायण सिंगची पंजाबी हॉकी कॉमेंट्री ऐकून आता आइसिंगच्या नियमावर वाद घालतात. मराठीत कोण करणार? इथं आपण आहोतच किती!

तरी ते निळं वलय मला आजही नकोच. शेजारी बसून "आता डावीकडे बघा" म्हणणारं माणूस असलं की त्याची गरज पडत नाही, असं म्हणणार होतो. पण बाबांच्या शेजारी मीच बसलो होतो की.