मार्कोस म्हणजे मरीन्स नव्हे

नेव्ही डेच्या आधी गेटवेला रिहर्सल असते ती बघायला भाच्याला घेऊन गेलो होतो, हेलिकॉप्टरमधून दोरावरून कमांडो सरसर खाली आले आणि हा ओरडला, मामा, आपले मरीन्स! म्हटलं नाही रे, हे मार्कोस. मग सीएसएमटीपर्यंत चालत येताना हाच विषय.

मरीन्स म्हणजे समुद्रातून येऊन किनाऱ्यावर उतरणारं आणि तिथे पाय रोवून लढणारं पायदळ. अमेरिकेत त्यांची वेगळी सर्व्हिसच आहे, स्वतःचा तोफखाना, स्वतःची विमानं, आणि साधारण 2200 जणांचं एकेक युनिट नेव्हीच्या जहाजांवर महिनोन्‌महिने फिरत असतं. मार्कोसचं तसं नाही, ती 1987 साली उभी केलेली नेव्हीची स्पेशल फोर्स, मोजकी माणसं, पाण्याखालून जायचं, जहाजावर चढायचं, ओलीस सोडवायचे. गेटवेसमोरच्या ताजकडे बोट दाखवून त्याला सांगितलं, 26/11 च्या रात्री दिल्लीहून एनएसजीचे (दहशतवादविरोधी दलाचे) कमांडो पोचायच्या आधी हेच आत घुसले होते. आणि 2024 च्या मार्चमध्ये सोमालियाच्या बाजूला रुएन जहाज सोडवलं तेव्हा तर विमानातून पॅराशूटने समुद्रात उतरले, 17 खलाशी सुखरूप, 35 चाचे पकडून इथे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. अंगावर काटा येतो!

पण एखादं बेट परत घ्यायचं झालं तर तेवढी माणसं पुरणार नाहीत, ते काम आपल्याकडे आर्मीचं. तिरुअनंतपुरमची 91 ब्रिगेड त्यासाठीच तयार केलेली, जवान आर्मीचे आणि नेणारं जहाज नेव्हीचं, जलाश्वसारखं, ज्याच्या पोटातून लँडिंग क्राफ्ट, म्हणजे जवानांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या छोट्या बोटी, थेट पाण्यात सोडता येतात. मला इथेच खटकतं. पायदळाच्या पलटणी काही वर्षांनी बदलतात, लाटांमध्ये बोटीतून उतरायची सवय लागते ना लागते तोच पलटण दुसरीकडे, नवीन आलेल्यांना परत पहिल्यापासून शिकवा. एवढा मोठा किनारा, अंदमान, लक्षद्वीप, म्हणजे आयुष्यभर हेच काम करणारी माणसं आपल्याकडे हवीत असं मला अगदी मनापासून वाटतं, भले आकडा छोटा असेना.

26/11 नंतर 2009 मध्ये सागर प्रहरी बल आलं, ते नेव्हीचे तळ आणि बंदरांच्या आसपास स्पीडबोटीने गस्त घालतं, तो परत वेगळा प्रकार.

स्टेशन आलं तेव्हा भाच्याने विचारलं, अंदमानवरच कोणी उतरलं तर? म्हटलं तिथे 2001 पासून तिन्ही दलांची एकच कमांड आहे आणि आर्मीची 108 ब्रिगेड तिथेच मुक्कामाला असते, इथून कोणी निघायची वाट बघावी लागत नाही.