सोळापैकी नऊ

दिवाळीला पुतण्या बेंगळूरूहून आला तो खिशात एक प्लेअर घेऊन. सिगारेटच्या पाकिटाएवढा, पण हातात घेतला की चांगला जड. त्यावर फोन येत नाही, फोटो निघत नाही, नुसती गाणी ऐकायची. किंमत त्यानं माझ्या कानात सांगितली, कारण वहिनी शेजारीच कुंदा वाढत होत्या. मग इयरफोन माझ्या कानात खुपसून म्हणाला, "काका, ऐकून बघा की. गवई समोर बसल्यागत वाटायलंय का नाही?"

वाटलं. खोटं कशाला बोलू? लगेच माझ्या फोनवर तेच गाणं लावलं, तर गवई दोन ओळी मागं जाऊन बसले होते.

तरीही मनाला पटेना. यंत्रायंत्रांतला खरा फरक म्हणजे काय असतो, हे मी कॅसेटच्या काळात सोसलेलं आहे.

सोनीचा वॉकमन जपानात १९७९ साली आला. आमच्या बेळगावच्या शहापुरात माझ्या हाती पडला तो त्याचा कुणी तरी लांबचा चुलतभाऊ, तोही बऱ्याच वर्षांनी, गणपत गल्लीतून घासाघीस करून आणलेला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकली पाहिजे असा नियम आहे. माझ्या मशीनला तो कुणी सांगितला नव्हता. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मंडळाची कॅसेट लावून ते पेटीवर पट्टी धरायला बघायचे, तर सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या फटीत अडकलेला. या दोन पट्ट्यांतलं अंतर वेगाच्या हिशेबात सुमारे सहा टक्क्यांचं, आणि माझं मशीन तीन टक्क्यांनी मागं. "तुझ्या मशीनला घसा आलाय," म्हणायचे. सेल उतरले की घसा आणखी बसायचा. मग ते सेल गच्चीवर शेवयांच्या शेजारी उन्हात वाळत घालायचे.

खरी परीक्षा तंबोऱ्याची. कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म, त्यामुळे त्यांची कॅसेट घरात असणं हा जिल्हाभिमानाचाच भाग होता. द्रुत तानेत मशीनची चोरी लपून जाते. पण मागं तंबोऱ्याचा षड्ज लांबवर चाललेला असतो ना, तो पाण्यातल्या सावलीसारखा हलायला लागला की समजावं, मोटर किंवा पट्टा गेला.

आणि तो हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या तुकड्याचा, स्क्रू! झाकण उघडं ठेवून प्ले दाबायचं आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू घड्याळजीच्या पेचकसानं कणभर फिरवायचा. गोधडीखाली वाजत असलेले टाळ हळूहळू बाहेर येतात, एका जागी खणखणीत होतात, आणि हावरटासारखा आणखी कणभर फिरवलात की परत गोधडीत. हे साधलं की दुसऱ्याच्या कॅसेटा बिघडतात, कारण त्या त्याच्या हेडच्या तिरकेपणावर भरलेल्या. आमच्या गल्लीत प्रत्येक मशीनचा आवाज वेगळा होता. डोळे मिटून सांगितलं असतं, हे अमक्याचं.

आताच्या प्लेअरमध्ये फिरणारं काहीच नाही. सीडीच्या दर्जाची फाईल म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक १६ बिटांची. त्या नोंदींची पुन्हा विद्युतलहर करणारी चिप म्हणजे डॅक, आणि तिला तालात ठेवायला क्वार्ट्झचा स्फटिक. त्याचा वेग घसरून काळीची पांढरी व्हायची नाही. मग गवई मागं का सरकले?

हे कोडं मी आमच्या कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या मामांना घातलं. त्यांनी दोन्ही यंत्रं हातात घेऊन ऐकली आणि म्हणाले, "गुरुजी, एकाचा आवाज मोठा सोडलाय की ओ तुम्ही." मी म्हटलं, सारखाच वाटतोय. "वाटायचं काय घेऊन बसलाय?" म्हणत ते मल्टिमीटर घेऊन घरी आले. दोन्हींवर १०० हर्ट्झची एकसुरी घरघर लावली. साधा मल्टिमीटर उंच सुरांवर फसतो, म्हणून मुद्दाम खालचा सूर. फोन ०.१८ व्होल्ट, पुतण्याचा प्लेअर ०.२४. म्हणजे अडीच डेसिबलचा फरक. एवढा फरक कानाला 'मोठा' असा जाणवेलच असं नाही. तो 'छान' असा जाणवतो. खर्ज भरदार लागतो, बारीकसारीक ऐकू येतं. दुकानदार लोकांना हे आपल्या आधीपासून माहीत असणार.

मग दोन्ही आवाज मीटरवर बरोबर केले, इयरफोन एकच ठेवला आणि मी डोळ्यांवर पंचा बांधून बसलो. बायकोनं दर वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर फोन, काटा आला तर प्लेअर, आणि मी ओळखायचं. सोळा वेळा. सोळांत बारा किंवा जास्त बरोबर आले तर दाद द्यायची असं ठरलं, कारण नुसत्या नशिबानं तेवढे यायची शक्यता शंभरात चारही नाही. माझे नऊ आले. पुतण्या म्हणाला, काकांचे कान साठीचे. मग तो बसला. त्याचेही नऊच. मधे एकदा बायकोला कंटाळा आला म्हणून तिनं न बदलता तोच प्लेअर पुन्हा दिला, तर म्हणाला, "आत्ता बघा, आत्ता खुललं!"

सगळेच प्लेअर सारखे, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या कपाटातल्या जुन्या एमपीथ्री प्लेअरला पुतण्याचा नाजूक इयरफोन लावला तर दोन गाण्यांच्या मधे चक्क सुर्र ऐकू येतं, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. काही प्लेअरच्या तोंडाशीच विजेला अडथळा जास्त असतो आणि काही इयरफोनचा स्वतःचा अडथळा सुरागणिक बदलतो. अशी जोडी जमली की खर्ज फुगतो नाही तर बसतो. तीनशे ओहम अडथळ्याचे जाडजूड हेडफोन असले तर साधा फोन ते पुरेसे वाजवूच शकत नाही. हे फरक खरे, मोजता येणारे. ब्लूटूथ लावलात तर विषयच मिटला, डॅक कानातल्या बोंडात असतो आणि प्लेअर नुसता पोस्टमन. आणि पुतण्या ज्या २४ बिटांच्या फायलींचं कौतुक करतो, त्या तो निपाणीच्या लाल बसमध्ये खिडकीशी बसून ऐकतो. १६ बिटांतच सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजामधे ९६ डेसिबलची जागा असते. त्यातली निम्मी बसच्या इंजिनाला आणि बाकीची कंडक्टरला.

थोडं वाईटही वाटलं. डोळे मिटून यंत्र ओळखायची माझी विद्या आता कुणाच्या कामाची?

इतका वेळ मामा कोपऱ्यात बसून पुतण्याचा इयरफोन लावून ऐकत होते, तोही माझ्या फोनवर. पाऊण तास झाला तरी काढेनात. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "ते मशीन राहू दे. ह्या कानातल्याची किंमत सांगा."

पुतण्यानं एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं आणि वाकून मामांच्या कानात सांगितली. मामांना काही ऐकू आलं नाही. "आँ?" म्हणाले. त्यानं पुन्हा सांगितली. "आँ?"

तिसऱ्यांदा त्यानं ती मोठ्यानं सांगितली, आणि आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.