एका रात्रीपुरता मुक्काम

आजचे वाचन: बायबलमधले गणना 9:15–23.

मन अडले ते एकविसाव्या वचनापाशी. इस्राएल लोकांना रानातल्या प्रवासात वाट दाखवणारा परमेश्वराचा ढग निवासमंडपावर, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या तंबूवर, कधीकधी फक्त संध्याकाळपासून सकाळपर्यंत राही; सकाळी वर गेला की लोक कूच करीत. पुढच्याच वचनात दोन दिवस, महिना, वर्ष असे मुक्काम आहेत. हा उतारा वाचताना आपली नजर सतत वर, ढगाकडे असते. ढगाखाली जे काम चालले होते, आज त्याच्याकडे बघायचे आहे.

निवासमंडप उभा करणे म्हणजे काठीला कापड बांधणे नव्हे. त्याच्या 48 फळ्या होत्या, एकेक दहा हात उंच, म्हणजे साधारण साडेचार मीटर. प्रत्येक फळीखाली चांदीच्या दोन उथळ्या (फळी रोवायच्या बैठका), अंतरपटाच्या, म्हणजे आतल्या पडद्याच्या, चार खांबांखाली आणखी चार. एकूण 100 उथळ्या आणि दर उथळीला एक किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी (निर्गम 38:27). किक्कार सुमारे 34 किलोचा धरला, तर निव्वळ उथळ्यांचेच वजन तीन टनांच्या वर जाते. त्यावर अडसर, खांब, पडदे, मेखा, तणावे. फळ्या आणि उथळ्या मरारी कुळाकडे होत्या; निवासमंडपाची सेवा करणाऱ्या लेवी वंशातले हे एक कूळ. त्यांना चार गाड्या आणि आठ बैल दिले होते. त्याच वंशातल्या कहाथी कुळाला गाडी नव्हती. पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरून न्यायच्या होत्या (गणना 7:8–9).

आता ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. मरारी कुळातला एक माणूस वाळू सपाट करून उथळी बसवतो आहे. ती नीट बसली नाही तर वरची फळी कलणार. हा मुक्काम वर्षाचा की रात्रीचा, हे त्याला ठाऊक नाही. एका रात्रीसाठी वेगळी, सुटसुटीत पद्धत शास्त्रात कुठेच सांगितलेली नाही. उद्या सकाळी उचलावी लागली तरी आज उथळी पूर्णच बसवायची. विश्वास म्हणतात तो मला इथे, वाळूत गुडघे टेकलेल्या या माणसात दिसतो.

आपली चूक बहुधा इथेच होते. ‘इथे थोडेच दिवस राहायचे आहे’ असे मनाशी धरून आपण मेखा अर्ध्याच ठोकतो. बदलीच्या गावी मंडळीत नाव घालत नाही. आजाऱ्याची सेवा करतो, पण लक्ष सगळे ती संपण्याकडे. प्रार्थनेतही ‘प्रभो, इथून काढ’ एवढेच उरते. मग मुक्काम लांबला की माणूस कडवट होतो. देवाने सोडलेले नसते. आपण तिथे कधी उतरलेलोच नसतो. सीनायपाशी इस्राएल जवळजवळ अकरा महिने होते, आणि नियमशास्त्र व निवासमंडप दोन्ही त्यांना त्या थांबण्यातच मिळाले.

म्हणून आज रात्री वहीत दोनच ओळी लिहाव्यात. पहिली: देवाने सध्या मला जिथे ठेवले आहे, तिथले कोणते काम मी अर्धवट सोडले आहे? नेमके लिहा. ‘प्रार्थनेत कमी पडतो’ असे मोघम नको. ‘अमक्याला भेटायला जातो म्हणालो, गेलो नाही’ असे हवे. दुसरी: उद्या त्यातले किती पुरे करीन? एवढे एकच. गणना 4:32 मध्ये मरारींना त्यांनी वाहायचे सामान नावानिशी नेमून दिले आहे, मेखा आणि तणावेसुद्धा. देवाच्या कामात मेखेलाही माणूस नेमलेला असतो, हे वाचून फार धीर येतो.

उलट बाजूची चूकही आहे, आणि ती गणना 14 मध्ये एका दिवसाच्या अंतराने घडते. वचन दिलेल्या देशात ‘चला’ म्हटले तेव्हा लोक रात्रभर रडले. ‘आता माघारी वळा’ म्हटले तेव्हा पहाटे उठून डोंगर चढायला निघाले. कराराचा कोश (देवाच्या सान्निध्याची पवित्र पेटी) आणि त्यांचा पुढारी मोशे छावणीतच राहिले होते. हर्मा नावाच्या ठिकाणापर्यंत मार खात पळावे लागले. पहिल्या दिवशीची भीती आणि दुसऱ्या दिवशीचा उत्साह यांचे मूळ एकच: आज्ञा ऐकायची नव्हती. मनाची अस्वस्थता म्हणजे ढग हलला असे धरू नये. ढग सगळ्या छावणीला दिसत होता. एकट्याला, रात्री उशिरा, थकलेल्या डोक्याने सुचलेला निर्णय निदान सकाळपर्यंत ठेवावा, वचनाशी ताडून पाहावा, आणि मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना सांगावा. त्यांना सांगायची लाज वाटत असेल, तर तेवढ्यावरूनच बरेच कळते.

झोपण्यापूर्वी 18 ते 23 ही वचने एकदा मोठ्याने वाचा. ‘परमेश्वराच्या आज्ञेवरून’ हे शब्द मूळ इब्रीत या सहा वचनांत सात वेळा येतात, तळ देण्याबरोबरही आणि निघण्याबरोबरही. दोन्हींचे वजन सारखेच.

उद्या 10:1–10. रुप्याचे दोन कर्णे; दोन्ही वाजले तर सगळी मंडळी जमायची, एकच वाजला तर फक्त सरदार. आपल्यासाठी कोणता वाजतो आहे हे ओळखायला कान तयार लागतो, म्हणून सकाळी वाचायला बसण्याआधी दहा मिनिटे काही न बोलता बसायचे.